एकसष्ट कालकथितांचा एकच पत्ता

(हस्तपोच)

पांढरकवडा,
रविवार, २२ एप्रिल २००७

प्रिय फुलाताई,

धाकट्या इंद्रजितचा सप्रेम जयभीम. विठ्ठलराव भाऊजींनाही माझा जयभीम सांगावा. ('सांगावा' लिहिलं की पत्र कचेरीतून आल्यासारखं वाटतं, असं तू पूर्वी म्हणायचीस. तेहतीस वर्षं तहसील कचेरीत आवक-जावक सांभाळलं, आता हात दुसरं वळण घेत नाही. समजून घे.) भाऊजींचे गुडघे कसे आहेत? एकतीस वर्षं एसटीत उभ्याने तिकिटं फाडली, त्याचा राग आता गुडघे काढत असतील. आणि तू बीपीची गोळी रोज घेतेस की चक्कर आल्यावर घेतेस? (तुला बीपी आहे हे मला कोणी सांगितलं, असं विचारशील. आमच्या साधनाच्या तोंडून निसटलं. तिला कसं ठाऊक, हे मी त्या वेळी विचारलं नाही. ते पुढे येईल.) आमच्याकडे सर्व ठीक. बेबीची कंबर धरते आणि सुटते. मला काहीच झालेलं नाही, फक्त केस गेले.

नऊ वर्षांत तुला एकही पत्र लिहिलं नाही, याची बरीच कारणं आहेत आणि त्यांतलं एकही तुला पटणार नाही, म्हणून सरळ मुद्द्यावर येतो. साधनाचं लग्न ठरलं. रविवार, १३ मे. मुलगा राजूरला शाळेत शिकवतो, शांत आहे, मला घाबरतो. ठरलं त्याच दिवशी साधनाने बेबीला आणि मला, दोघा मायबापांना, समोर बसवून सांगितलं की हळदीचं पहिलं बोट आत्याचं. आपल्या घरात ते तसंच चालत आलं आहे, नवीन काही नाही. पण पुढे म्हणाली की आत्या आली नाही तर मी हळदीले बसनार नाही, अन् स्टेजवर त बिलकुलच नाही. पोरगी कमी बोलते, पण बोलली की थेट मायसारखं बोलते. (आपल्या मायसारखं. तिच्या मायसारखं नाही, ती रोजच बोलते.) त्यामुळे सर्वांत पहिलं पाकीट तुझ्या नावाचं निघायला हवं होतं. ते आजवर निघालं नाही, याला सर्वस्वी कॉम्प्युटर जबाबदार आहे. तो खुलासा सविस्तर सादर करतो. माय गेली तेव्हाच्या पुण्यानुमोदनाच्या कार्डाचा विषय मी या पत्रात काढणार नाही, हेही आधीच नमूद करून ठेवतो.

शहाण्णव साली इथल्या कापसाच्या जिनिंगवाल्यांनी नवा कॉम्प्युटर घेतला आणि त्यांचा जुना मी घरी आणला, ते तुला आठवत असेल. तू तेव्हा चार दिवस आली होतीस आणि धूळ बसू नये म्हणून त्याला तुझ्या निळ्या पातळाचा अभ्रा शिवून दिला होतास. तो अभ्रा अजून आहे. काळा पडदा, हिरवी अक्षरं, मराठीचा पत्ता नाही, सगळं इंग्रजी अक्षरांत. रामसिंग तेव्हा जिनिंगच्या वजनकाट्यावरच्या कॉम्प्युटरवर बसायचा, त्याने त्यात पत्त्यांची एक वही घालून दिली. एका घराला एक ओळ. सहा महिने खपून मी चारशे बारा घरं भरली: केळापूरपासून उमरखेडपर्यंत आपले सगळे सोयरे, कचेरीतले, ओळखीपाळखीचे. तू हसली होतीस की इंद्रजितने जनगणना उरकली. पण मग कोणाच्याही घरी कार्य निघालं की माणूस आधी माझ्याकडे यायचा आणि यादी छापून न्यायचा. मंडपवाला नंतर. माझ्या यादीत घर सुटत नाही, अशी ख्याती होती. ही ख्याती मीच पसरवली होती, पण ती खरी होती.

आता त्या यादीचा एक नियम सांगतो, कारण सगळा घोळ त्यातच आहे. माणूस वारला की मी त्याची ओळ खोडत नसे. तो गेला, पण त्याचं घर कुठे गेलं? मुलं-सुना तिथेच राहतात, पाकीट त्याच दारात टाकायचं असतं, आणि गावात ते घर त्याच्याच नावाने सांगावं लागतं. म्हणून नावाआधी फक्त 'कालकथित' टाकायचं. (शेजारच्या कुळकर्णी मास्तरांच्यात दोन अक्षरांत 'कै.' म्हणून उरकतात. आपल्या शब्दाला जागा जास्त लागते.) त्या जुन्या वहीत नावाला मोजून वीस घरं, एका घरात एक अक्षर. इंग्रजीत कालकथितला नऊ लागायची, एक मोकळं सोडायचं, उरल्या दहांत माणूस बसवायचा. नाही बसला तर शेपूट कापायचं. असे कालकथित एकूण एकसष्ट झाले होते.

तर कार्डं छापून आली आणि मी जुना कॉम्प्युटर उघडला. त्याचा प्रिंटर मेला होता, आणि त्याची शाईची फीत आता मिळत नाही, असं यवतमाळच्या दुकानदाराने सांगितलं. असं सांगताना तो माझ्याकडे कीव आल्यासारखा बघत होता, ते मला मुळीच आवडलं नाही. चारशे बारा पत्ते हाताने लिही, असं बेबी म्हणाली. मी म्हटलं, जे एकदा केलं ते पुन्हा करायचं नसतं, त्यासाठीच तर तो डबा अकरा वर्षं घरात ठेवला. रामसिंगकडे गेलो. कापसाचं जे झालं ते तुमच्याकडेही झालंच आहे, वेगळं सांगत नाही. जिनिंग बंद पडली तेव्हापासून त्याने बसस्टँडसमोर कॉम्प्युटरचा क्लास काढला आहे. त्याच्याकडे नव्या पद्धतीची पत्त्यांची वही आहे, ती पाकिटावर चिकटवायच्या चिठ्ठ्या आपोआप छापते. म्हणाला, जुनी फाईल फ्लॉपीवर आणा, नव्या वहीत बदलून देतो, पंधरा मिनिटाचं काम आहे. जो माणूस पंधरा मिनिटं म्हणतो त्याच्याकडून लांब राहावं, हे मी कचेरीत तेहतीस वर्षं लोकांना पंधरा मिनिटं सांगून शिकलो होतो. तरी गेलो.

फाईल फ्लॉपीवर घ्यायलाच आठ दिवस गेले. भारनियमनाचं वेळापत्रक आमच्याकडे बारा तासांचं, आणि उरल्या बारा तासांत लाईट स्वतःच्या मर्जीने. कॉम्प्युटर सुरू व्हायला वीस मिनिटं घेई, डोक्यावर दोन थापा खाई, आणि फाईल उतरू लागली की लाईट जाई. बेबी म्हणे सोडा. मी सोडलं नाही. पहाटे पाचला लाईट येते हे हेरून चारला उठून त्याच्यासमोर चहा घेऊन बसू लागलो. नवव्या दिवशी तीन फ्लॉप्या भरल्या. त्या खिशात घालून मी बसस्टँडवर असा चालत गेलो की दोघांनी विचारलं, बाबूजी, निकाल लागला काय?

नवी वही भलतीच चौकस निघाली. जुनीला नाव-गाव-पोस्ट-तालुका दिलं की ती गप्प बसायची. ही प्रत्येकाचं पहिलं नाव वेगळं मागते, आडनाव वेगळं मागते, मोबाईल मागते, वाढदिवस मागते आणि ईमेल मागते. केळापूरच्या उकंडाकाकांचा ईमेल मी कुठून आणू? त्यांची जन्मतारीख 'मोठ्या पुराच्या साली' एवढीच आहे, आणि तो कोणता पूर यावर त्यांच्या घरात दोन मतं आहेत. रामसिंग म्हणाला, मोकळं सोडा. मोकळा रकाना दिसला की माझं पेन आपोआप उघडतं, पण सोडला. मग तिने एकेक शंका काढायला सुरुवात केली. विठ्ठल नावाचे पाच आहेत, एकत्र करू काय? मी म्हटलं, नाही, आडनावं बघ. दादाराव नावाचे चार आहेत, एकत्र करू? नाही. असं सातदा विचारलं आणि सातदा मी तिला नीट नाही सांगितलं. रामसिंग तेवढ्यात चहा सांगायला बाहेर गेला. भिंतीवरच्या घड्याळात अकराला चार मिनिटं कमी, आणि अकराला लाईट जाणार. आठव्यांदा पाटी आली: एकाच नावाच्या एकसष्ट नोंदी आढळल्या, एकत्र करू काय?

ताई, आता खरं सांगतो. चष्मा घरी राहिला होता. नाव बारीक होतं, आकडा मोठा होता. आणि एकाच नावाच्या एकसष्ट नोंदी म्हणजे काय, हे कचेरीच्या माणसाला विचार. दुबार! ज्याने आयुष्य मतदारयाद्यांतली दुबार नावं शोधण्यात घालवलं, ज्याला चौऱ्याऐंशी साली एकोणीस दुबार नावं धरून दिली म्हणून खुद्द साहेबांनी उभं राहून शाबासकी दिली, त्याच्यापुढे एकसष्ट! माझ्या अंगात वारं शिरलं. मी 'हो' दाबलं. एकदा दाबून समाधान झालं नाही म्हणून पुन्हा दाबलं. वहीने खात्री आहे काय असं विचारलं, तर मी तिला तोंडाने मोठ्याने म्हटलं, शंभर टक्के. चारशे बाराची यादी तीनशे बावन्न झाली आणि लाईट गेली.

मी इतका खूश झालो की रामसिंगला जिलबी खाऊ घातली. घरी येऊन प्रकरण रीतसर बंद केलं. कचेरीत प्रकरण निकाली निघालं की कागद दाभणाने टोचून, सुतळी ओवून, गठ्ठा बांधून ठेवायचा असतो. तिन्ही फ्लॉप्या एकावर एक ठेवल्या, मधोमध दाभण घातलं (प्लास्टिक कडक असतं, दगडाने ठोकावं लागलं), सुतळी ओवली, वर चिठ्ठी लावली: 'पत्ते, जुने, निकाली.' त्याच दिवशी तिसऱ्या प्रहरी लाईट आली ती एवढ्या जोरात आली की जुन्या कॉम्प्युटरने एक ढेकर दिला आणि तो कायमचा गेला. मला वाईट वाटलं, पण म्हटलं, बिचाऱ्याने काम पुरं करून डोळे मिटले. त्याच्यावर तुझा निळा अभ्रा घातला.

दुसऱ्या दिवशी बेबी चिठ्ठ्या चिकटवत बसली. अर्ध्यावर आली आणि म्हणाली, माह्या मामाचं घर कोठी गेलं? मी म्हटलं, असेल खाली. म्हणाली, काकाचं बी नाही, शाळेतल्या बाईचं बी नाही. मग तिच्या हाती एक चिठ्ठी आली, ती तिने कंदिलासमोर धरून अक्षर अक्षर लावून वाचली. नाव: कालकथित. पुढे आडनाव नाही, काही नाही. गाव केळापूर, पोस्ट राजूर, तालुका उमरखेड. बेबीने विचारलं, हा कोन व्हय? आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. एकसष्ट घरांतली गेलेली माणसं मी एका बोटाने एकत्र करून त्यांचा एकच इसम बनवला होता. तो केळापूरला राहत होता, त्याचं टपाल राजूरला येत होतं, आणि त्याला लग्नाचं आमंत्रण होतं.

रामसिंग आधी खूप हसला. बाबूजी, तुमी एकसष्ट लोकाइचा एकच मानूस करून टाकला न! मग माझं तोंड पाहून हसायचा थांबला. म्हणाला, कायले घाबरता, जुन्या फ्लॉप्या आना, पुन्हा करू. मी पिशवीतून गठ्ठा काढून त्याच्या टेबलावर ठेवला. त्याने सुतळी पाहिली, भोक पाहिलं, भोकातून माझ्याकडे पाहिलं. मग उठून माठातलं पाणी आणून दिलं. यवतमाळलाही जाऊन आलो. तिथल्या दुकानदाराने फ्लॉपी उजेडाला धरली आणि सगळ्या गिऱ्हाइकांना बोलावून दाखवली.

तर त्या एकसष्टांत तुझाही पत्ता गेला. तो त्यात कसा काय गेला हे कॉम्प्युटरच जाणे, मी त्याच्या खोलात शिरत नाही. भाऊजी निवृत्त झाल्यावर तुमचं डेपोजवळचं क्वार्टर सुटलं, नवं घर कुठे बांधलं ते मला ठाऊक नव्हतं, आणि होती ती ओळही गेली. लग्नाला सव्वा महिना राहिलेला. साधना रोज फक्त एवढंच विचारी, आत्याचं पाकीट गेलं? आणि मी म्हणे, कॉम्प्युटर करून राह्यला.

पण मीही इंद्रजित आहे. म्हटलं, एकसष्ट घरं गेली ना, एकसष्ट परत आणीन. कोरी वही घेतली, पेन्सिल घेतली, आणि आठवायला बसलो. आठवून बेचाळीस लागली. उरलेल्यांसाठी एसटीने आणि पायी गावोगाव निघालो, डोक्याला उपरणं बांधून, एप्रिलच्या उन्हात. काम सोपं वाटलं होतं: ओळखीच्या गावात जायचं, विचारायचं की बाबा, तुमच्याकडे कोण वारलं आणि घर कोणतं. आता तूच विचार कर. या दिवसांत आमच्या भागात वही घेऊन आलेल्या माणसाने पारावर उभं राहून 'तुमच्याकडे कोण वारलं' असं विचारलं तर काय होईल? पहिल्याच गावात मला खुर्ची मिळाली. चहा आला. एक म्हातारी आत जाऊन मुलाचा हार घातलेला फोटो घेऊन आली, तो मांडीवर उभा धरून बसली आणि म्हणाली, कोन्त्या चॅनेलचे? गाडी नाही आनली? तिला सगळं पाठ होतं. किती एकर, किती कापूस, किती तारीख. इतक्या जणांनी येऊन विचारलं होतं की ती मी न विचारताच सांगत गेली, आणि मध्ये थांबून म्हणाली, लिहून घ्या न, तुमी लिहून काहून नाही राह्यले?

मी म्हटलं, माय, मी पेपरचा नाही, चॅनेलचा नाही, सरकारचाही नाही. पोरीचं लग्न आहे, तुझ्या घरचं आमंत्रण चुकलं, ते द्यायला आलो. तिला पटेना. कार्ड हातात दिलं तेव्हा तिने ते उलटंसुलटं करून पाहिलं, आतल्या सुनेला हाक मारली, आणि म्हणाली, अवं, आपल्याले लग्नाले बोलावलं. आणि ताई, ती रडली. फोटो दाखवताना रडली नव्हती. मी तिच्या सुनेला पुन्हा तारीख सांगितली, वेळ सांगितली, सकाळची गाडी कोणती ते सांगितलं. तिथून पुढे मी प्रत्येक गावात आधी कार्ड दाखवलं आणि मग माणूस विचारला. आपल्या यादीतले कालकथित मी एकेक करून टाकत आलो होतो, म्हणून मला कळलं नव्हतं. एकत्र मोजले तेव्हा कळलं की शेवटच्या चार वर्षांतलेच किती आहेत, आणि त्यांतल्या कितीजणांचं वय माझ्या निम्म्याने आहे. त्या घरांना लग्नाची बोलावणी येणंच बंद झालं आहे म्हणे. लोकांना वाटतं, कशाला दुखऱ्या घराला त्रास. मला फार वाईट वाटलं, आणि रागही आला. म्हणून आता साठच्या साठ घरी मी स्वतः गेलो आहे, एकही पाकीट टपालात टाकलेलं नाही.

हा असा सगळा प्रकार आहे. तरी आमंत्रणास झालेल्या विलंबाबद्दलचा खुलासा मान्य व्हावा आणि तू भाऊजींसह आठ दिवस आधी, हळदीच्या तयारीला यावंस, ही विनंती. तुझ्याशिवाय बेबीला हळदीचं माप जमत नाही. (ती म्हणते जमतं. तिचं ऐकू नकोस.) प्रकृतीला जप. उन्हाची बाहेर निघू नकोस.

तुझा धाकटा भाऊ,
इंद्रजित

ता.क. तुझी मोठी पितळी परात नऊ वर्षं आमच्याकडे राहिली आहे. बेबीने ती चिंचेने घासून दिली. सोबत आहे.

ता.क. दुसरा. वर मी लिहिलं की तुझा पत्ता त्या एकसष्टांत कसा गेला ते कॉम्प्युटरच जाणे. हे विधान मागे घेतो. साठ घरं भरली आणि एक काही केल्या आठवेना. दोन दिवस बोटं मोजत बसलो. बेबी तूर निवडत होती, मान वर न करता म्हणाली, एकसष्टावी उमरखेडले हाय, अन् जित्ती हाय. विषय काढणार नाही म्हणालो होतो, पण काढतो. मायच्या कार्डावर खाली 'शोकाकुल' म्हणून माझं नाव होतं, पोरांची होती, ज्याने मायला एकदाही पाणी पाजलं नाही त्या चुलतभावाचंही होतं. तुझं नव्हतं. चौदा महिने माय तुझ्या क्वार्टरात अंथरुणाला खिळून होती. तू कार्ड हातात घेऊन मला विचारलंस, आणि मी, मूर्ख माणूस, म्हणालो की 'समस्त परिवार' लिहिलं आहे ना, त्यात तू येतेसच. तू म्हणालीस, मायचं हागमूत काढाले मी होती, अन् नाव छापाले मी नोती? मंग मले बी मेलीच समज. आणि उमरखेडची गाडी धरलीस. त्याच दिवशी मी तो काळा पडदा सुरू केला, तुझी ओळ काढली आणि तुझ्या नावाआधी तो शब्द टाकला. अर्जदाराच्या तोंडी विनंतीवरून नोंद घेतली, असं वर मनाशी म्हणालोही. उरल्या दहा घरांत तुझं नाव बरोबर बसलं, शेपूट कापावं लागलं नाही. कॉम्प्युटरने काही केलं नाही, ताई. मी जे लिहिलं होतं तेच त्याने वाचलं.

ता.क. तिसरा. साधनाच्या मोबाईलमध्ये 'ब्युटी पार्लर, उमरखेड' असा एक नंबर आहे. पांढरकवड्याची पोरगी भुवया कोरायला सव्वाशे मैलांच्या फेऱ्यात कशाला जाईल, एवढी अक्कल मला उशिरा आली. परवा मी तो नंबर लावला. तू 'बोल व बाई' म्हणालीस आणि मी फोन ठेवला. आवाज तोच आहे. मग साधनाला समोर बसवलं तेव्हा सगळं कळलं: चार वर्षं तुमचं बोलणं आहे, बेबीलाही ठाऊक आहे, तुझ्या नव्या घराचा पत्ताही तिच्याकडेच आहे, फक्त मलाच कोणी कळवलं नाही. आणि तिने हेही सांगितलं की लोक माझ्याकडून यादी छापून न्यायचे ना, त्या यादीवरून तुझ्या दारी डेपोच्या पत्त्यावर चार लग्नांची पाकिटं आली, चारींवर 'कालकथित पंचफुला', आणि ती तू ट्रंकेत ठेवली आहेस. म्हणजे तुला नऊ वर्षं ठाऊक होतं. तरी तू माझ्या पोरीला दर थंडीत तिळाचे लाडू पाठवत राहिलीस, आणि ते तिच्या ऑफिसातल्या मैत्रिणीचे म्हणून मी खात राहिलो. सोबतचं कार्ड उघडून पाहा. निमंत्रकांत पहिलं नाव तुझं आहे, संपूर्ण, भाऊजींच्या नावासकट. माझं त्याच्या खाली. कार्डं छापायला टाकली त्याच दिवशी मजकूर छापखान्यात उभं राहून मी तीनदा तपासला. हे कार्ड आता चारशे अकरा घरी गेलं आहे, आणि त्या घरांना बोलावलं आहे ते तू.

ता.क. शेवटचा. पाकिटावर तिकीट नाही हे तुझ्या लक्षात आलं असेल. वर हस्तपोच लिहिलं आहे. हस्तपोच पत्र घेऊन येणारा पोच मिळेपर्यंत हलत नाही, असा आमच्या कचेरीचा नियम आहे. एवढं तुझ्या दारातच लिहितो आहे; पत्र भाऊजींच्या हाती आत पाठवतो आणि तुझ्या ओट्यावर परात मांडीवर घेऊन बसतो. तू अजूनही मला मेलेलीच असशील, तर आतून मोठ्याने तसं सांग, मी नोंदीत दुरुस्ती न करता परतीच्या गाडीने जाईन. नाहीतर लेखी पोच नको, फक्त दार उघड. ऊन फार आहे, ताई, आणि परात तापली आहे.